फोनचा पाट

१९९६ साली, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी, वडील आणि मी घरचा गणपती आणायला रोह्याहून पॅसेंजरने पेणला मामाच्या कारखान्यात गेलो. गणपती रंगवून तयार होता. त्याला डोळे नव्हते.

हे कसं झालं ते सांगायचं तर त्या वर्षी दोन घरांत आलेल्या दोन फोनांपासून सुरुवात करावी लागते.

पहिला फोन आमच्याकडे, रोह्यात आला. वडील धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होते. त्यांनी फोनसाठी अर्ज केला तेव्हा मी शाळेत होतो. फोन लागला तेव्हा मी एका दैनिकाचा रोह्याचा वार्ताहर झालो होतो. फोन बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी बसवला आणि टीव्हीसारखंच त्याच्यावरही भरतकामाचं कापड घातलं. बाहेरगावी कुणी उगाच फोन लावू नये म्हणून वडिलांनी त्याला गुप्त आकड्यांचं कुलूप घातलं. ते आकडे फक्त आपल्याला ठाऊक आहेत, अशी त्यांची समजूत होती. आकडे म्हणजे त्यांचा कंपनीतला टोकन नंबर. तो त्यांच्या जेवणाच्या डब्यावर कोरलेला होता आणि आई तो डबा रोज घासत असे.

पेणला मामाकडे साधा फोन आधीपासून होता, घराच्या पुढच्या खोलीत. गणपतीचा कारखाना मागच्या पडवीत आणि पडवीपुढे घातलेल्या मांडवात. फोन वाजला की मामा मातीच्या हातांनी घरभर धावायचे आणि मामी फडकं घेऊन त्यांच्या मागे. त्या जुलैत मामांनी साध्या फोनच्या जागी बिनतारी फोन घेतला. त्याचे दोन भाग होते: हातात घेऊन फिरायचा रिसीव्हर, आणि ज्याला तार जोडलेली असते तो खालचा डबा. या डब्याला मामा ‘फोनचं घर’ म्हणत. घर पडवीत राहायचं, रिसीव्हर मामांबरोबर फिरायचा. मागच्या दारच्या पेरूच्या झाडापर्यंत बोलणं ऐकू यायचं, झाडापलीकडे नुसती खरखर. महिन्याभरात रिसीव्हरवर शाडूचा असा थर बसला की त्याचा मूळ रंग काळा होता की करडा, यावर घरात दोन मतं होती.

आता पाटाचं. आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे पाट द्यायचा. पावसाळ्यात गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून देतं, मामा त्याच्या खालच्या बाजूला खडूने नाव लिहितात, आणि त्या घरची मूर्ती त्या पाटावर बसते. ज्याच्याखाली पाट आहे तो गणपती कुणाचा तरी आहे. ज्याच्याखाली नुसती फळी आहे तो अजून कुणाचाच नाही. मामांच्या कारखान्यात याहून वेगळी नोंद ठेवायची पद्धत नव्हती आणि तिची कधी गरजही पडली नव्हती.

वडील दर वर्षी आमचा पाट घेऊन पॅसेंजरने पेणला जायचे. पाट शिसवी, चार कोपऱ्यांना पितळेची फुलं, आणि मधे एक जळल्याचा डाग. माझ्या लहानपणी निरांजन कलंडलं होतं, त्याची ती खूण. फोन आला त्या वर्षी वडिलांनी ही खेप बंद करायची ठरवली आणि मामांना फोन लावला. मी समोर बसलो होतो. वडील फोनवर बोलताना उभे राहत आणि पेणला थेट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत, त्यामुळे दोन्ही बाजूंचं संभाषण मला नीट आठवतं. मामाही तसेच बोलत.

“गेल्या वर्षीसारखाच हवा. तेवढाच. पीतांबर पिवळं.”

“व्हय. कधी येताय पाट घेऊन, भावोजी?”

“पाट कशाला? तोंडाने सांगितलंय ना? आता फोन म्हणजेच पाट समज.”

मग मामा म्हणाले, “बरं.” मोठ्या बहिणीच्या नवऱ्याशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “पाटाशिवाय गणपती?” तिने विचारलं.

“अगं, मुंबईत लोक फोनवर कारखानेच्या कारखाने विकतात.”

“विकू देत. त्यांना गणपती घरी न्यायचा नसेल.”

वडिलांनी फोनवर कापड घातलं. विषय संपला, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर आईने काय केलं हे मला आणि वडिलांना चतुर्थीच्या आदल्या दिवशी कळलं, म्हणून ते त्याच ठिकाणी सांगतो.

मामांचा धंदा त्या मोसमात फोनमुळे वाढला आणि डोकेदुखीही वाढली. मुंबई-ठाण्याची गिऱ्हाइकं पूर्वी एकदा पाट द्यायला येत आणि एकदा गणपती न्यायला. मधल्या काळात त्यांचं आणि गणपतीचं काय चाललंय हे एकमेकांना ठाऊक नसे. आता ती रोज विचारू लागली. माती वाळली का? सोंड जाड तर झाली नाही ना? एका बाईंनी हॉलच्या पडद्यांचा रंग सांगून त्याला साजेसं उपरणं मागितलं. मामा म्हणाले, “पडदे धाडा, बघून लावतो.” त्यांनी खरंच पडद्याचा तुकडा धाडला. ठाण्याच्या एका गृहस्थांनी फोन गणपतीजवळ न्यायला सांगितलं, त्यांच्या नातवाला नमस्कार करायचा होता. मामांनी रिसीव्हर अर्धवट रंगलेल्या मूर्तीच्या कानाशी धरला. आतून बारीक आवाजात ‘बाप्पा, मी आलो की मोदक देईन’ असं ऐकू आलं. मामा काही वेळ थांबले आणि मग, पलीकडून कुणीच फोन ठेवत नाही असं पाहून, “बरं” म्हणाले.

हे सगळं आखणी करणारे काका बघत होते. ते पनवेलच्या बाजूच्या जिते गावाहून रोज गाडीने येत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढण्याचं काम. कारखान्यात माती मळायला, रंग द्यायला बरीच माणसं होती, डोळे काढणारे ते एकटे. आखणी चालू असताना मागे कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. फोनची घंटा वाजली की ते कुंचला दातांत धरून बसत आणि वाजून थांबली तरी लगेच हलत नसत. ‘हा परत वाजणार हाय,’ असं ते म्हणत, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरे. गणपतीच्या कानाला फोन लावलेला पाहिल्यावर त्या दिवशी ते मामांशी बोलले नाहीत. जाताना मामींना एवढंच म्हणाले, “वैनी, उद्या तो फोन जेवाया पण बसंल.”

फोनवर गणपती सांगणारी बाकीची गिऱ्हाइकं पुढे यथावकाश पाट घेऊन आली. वडील फोनवर विसंबून रोह्यात राहिले.

तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमचा गणपती नुसत्या फळीवर, मागच्या रांगेत, डोळ्यांशिवाय बसला होता. आखणीवाले काका हात धुऊन चहा पीत होते. कुंचले धुऊन कपड्यात गुंडाळून झाले होते. त्यांची पनवेलकडे जाणारी गाडी आणि आमची रोह्याला जाणारी गाडी यांचं क्रॉसिंग पेणलाच व्हायचं, दिवे लागायच्या सुमारास. त्यानंतर दोन्ही दिशांना जायला सोय नव्हती असं नाही, पण मांडीवर गणपती घेऊन एसटीच्या गर्दीत शिरायला वडील तयार नव्हते. सकाळी पूजेला गुरुजी यायचे होते.

“याला डोळे का नाहीत?” वडिलांनी विचारलं.

मामांनी काकांकडे पाहिलं. काकांनी बशीत चहा ओतला.

“पाट नाय,” काका म्हणाले.

“अहो, पण फोनवर सांगितलं होतं मी!”

“मग फोनला डोळं काढू?”

वडिलांनी मामांना विचारलं की हे तू यांना सांगितलं नाहीस का. मामा म्हणाले, सांगितलं होतं, तीन वेळा. काका म्हणाले, तीन वेळा ऐकलं होतं. मग त्यांनी बशी खाली ठेवून आपली बाजू मांडली. गणपती पाटावर बसला की त्याची उंची कळते, बूड कुठे टेकलंय ते कळतं, मान किती कललेली आहे ते कळतं. त्यावरून नजर ठरते. “फळीवर बसवून डोळं काढीन, आन तुमी घरी नेऊन पाटावर बसवाल. मग तो बघंल तुमच्या माळ्याकडं. मंग तुमीच म्हणाल, आखणीवाल्याला डोळं नायत.”

“मग दुसरा पाट घ्या एखादा.”

मामी आतून जेवायचा पाट घेऊन आल्या. काकांनी तो उलटा करून पाहिला आणि परत दिला. “यावर बसून तुमी भात खाल्लाय,” ते म्हणाले. मामींनी ते नाकारलं नाही. मामा सायकलवर बाजारात जाऊन आले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पेणच्या बाजारात पाट मिळत नाही, असं ते परत येऊन म्हणाले. हे त्यांना जाण्याआधीही ठाऊक होतं, पण घरात बसण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटलं.

शेवटी वडिलांनी रिसीव्हर मागून घेतला. रोह्याहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाट मागवता येतो का पाहू, असं ते म्हणाले. बिनतारी फोन त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला होता. बोलता बोलता ते चालू लागले आणि मी मागून “पेरूच्या पुढे जाऊ नका” असं ओरडत राहिलो.

आईचा हरतालिकेचा उपास होता. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“पाट? कुठला पाट पाठवू?”

“आपला. गणपतीचा. माळ्यावर असेल बघ.”

“मी सकाळपासून पाण्यावर आहे आणि मला माळ्यावर चढवताय? पाट तिकडेच आहे. जुलैत पाठवलाय मी.”

वडील पेरूच्या झाडापाशी थांबले. “कुणाबरोबर?”

“शेजारचे रोज पेणला नोकरीला जातात ना, त्यांच्या हातून. वहिनीच्या हातात दिला असं ते म्हणाले.”

“मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विषय संपवला होता ना.”

वडिलांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि खरखर सुरू झाली. ते मुद्दाम टाकलं की चुकून, हे मी विचारलेलं नाही.

मग शोधाशोध सुरू झाली. मामींना शेजाऱ्यांनी पाट दिल्याचं आठवत होतं. दारात उभं राहून, गाडीची वेळ पाहत, ‘रोह्याच्या ताईंनी दिलाय’ एवढं सांगून ते निघून गेले होते. भावाच्याच घरी पाठवायचा म्हणून आईने त्यावर नाव लिहिलं नव्हतं. पुढे तो कुठे ठेवला हे मामींना आठवत नव्हतं. आम्ही रांगेतला एकेक गणपती किंचित उचलून खालचा पाट पाहिला. मामा हातात रिसीव्हर घेऊन स्वयंपाकघर, देवघर आणि लाकडांची खोली बघून आले. परत आले तेव्हा रिसीव्हर त्यांच्या हातात नव्हता. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

काका अजून जमिनीवरच बसले होते. ते म्हणाले, “तो फोन कशावर बसलाय?”

पडवीच्या कोपऱ्यात फोनचं घर होतं. त्याखाली मामींनी विणलेला रुमाल होता, आणि रुमालाच्या टोकाखालून पितळेची एक पाकळी दिसत होती. मामांनी रुमाल ओढला. शिसवी पाट, चार फुलं, मधे जळल्याचा डाग. डागावर मोसमभर फोन बसलेला होता.

आता मामींना आठवलं. त्यांनी दिलेला खुलासा असा: ज्या सकाळी पाट आला त्याच सकाळी दुकानदार नवा फोन बसवायला आला होता. पडवीत माती मळलेली, जमीन ओली. फोन जमिनीवर नको, खाली काहीतरी द्या, असं तो म्हणाला. पाट हातातच होता.

“भावोजींनीच सांगितलं होतं ना, फोन म्हणजे पाट,” मामी म्हणाल्या. “हे घरात बोलले होते तसं. मला वाटलं, त्यांनीच फोनला पाट धाडला.”

काका पहिल्यांदा हसले. त्यांनी कपड्यातून कुंचले काढले.

फोनचं घर उचलून जमिनीवर ठेवलं. पाट ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसला. मामांनी गणपती उचलून पाटावर बसवला आणि आम्हा सगळ्यांना काकांनी मागे उभं केलं. पडवीत बराच वेळ फक्त रंगाच्या वाटीला कुंचला लागल्याचा आवाज होता. डावा डोळा झाला. मला तो चांगला वाटला.

फोन वाजला.

काकांनी कुंचला दातांत धरला. मामांनी रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला आणि रिसीव्हर जागेवर नाही हे त्यांना तेव्हा कळलं. घर वाजत होतं, रिसीव्हर कुठे तरी आत, दबक्या आवाजात वाजत होता. मामा आवाजाच्या दिशेने धावले. घंटा थांबली. काका हलले नाहीत.

“परत वाजणार हाय,” कुंचल्यामागून ते म्हणाले.

परत वाजला. मामी आत गेल्या. थांबला. काकांनी कुंचला हातात घेतला, वाटीत टेकवला, मूर्तीजवळ नेला. फोन वाजला.

“कोण आहे हा?” वडील म्हणाले.

“आई असेल,” मी म्हणालो. “पाट मिळाला का विचारायला.”

“ती कशी करेल? कुलूप आहे फोनला.”

मी त्यांना त्यांच्या जेवणाच्या डब्यावरच्या नंबराची गोष्ट सांगितली. घंटा चालूच होती. बाहेर स्टेशनकडे निघालेल्या लोकांचे आवाज येऊ लागले होते. वडील फोनच्या घराजवळ गेले, वाकले, आणि त्यांनी तार धरून ओढली. तारेबरोबर भिंतीवरची डबीही स्क्रूसकट निघून हातात आली. घंटा थांबली.

ज्यांनी आयुष्यातला मोठा भाग फोनची वाट पाहण्यात घालवला होता ते माझे वडील हातात डबी घेऊन उभे होते. “काढा डोळा,” ते म्हणाले.

काकांनी डोळा काढला.

आम्ही गणपतीच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि निघालो. काका आमच्याबरोबरच स्टेशनपर्यंत आले. क्रॉसिंगच्या दोन्ही गाड्या आल्या. ते त्यांच्या गाडीत चढले, आम्ही आमच्या. वडिलांनी गणपती मांडीवर घेतला. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन आलं तेव्हा ते म्हणाले, “सगळ्यांना ठाऊक होता तो नंबर?”

“सगळ्यांना नाही,” मी म्हणालो. “शेजारच्यांना नसेल.”

आई दारात तांदूळ आणि पाणी घेऊन उभी होती. तिने आधी रुमाल उचलून चेहरा पाहिला, मग वाकून पाट पाहिला, आणि मग बाजूला झाली. फोन कुणी का उचलला नाही हे तिने विचारलं नाही. वडिलांनी बाहेरच्या खोलीत जाऊन फोनचं कुलूप काढून टाकलं.

रिसीव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी मोदकांची उकड काढताना मामींना तांदळाच्या पिठाच्या डब्यात मिळाला. पेणचा फोन गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत बंद होता. नंतर लाइनमन आला, त्याने भिंतीवर नवी डबी बसवली आणि जुनी कशी निघाली हे विचारलं. मामांनी त्याला चहा दिला.

पुढच्या जुलैत वडील पाट घेऊन पॅसेंजरने पेणला गेले. आईने त्यांच्याबरोबर दोन पाट दिले होते. दुसरा नवा होता, साधा, सागवानी. त्याच्या खालच्या बाजूला तिने घरूनच खडूने लिहून दिलं होतं: फोन.